ओढ्याचा काठ आणि शेतीचा जमाखर्च

नंदगड हे नाव घेताच बाहेरगावच्या माणसाला प्रथम संगोळ्ळी रायण्णा यांची आठवण होते. १८३१ साली ह्या वीरपुरुषाला इंग्रजांनी येथे फाशी दिले, आणि त्यांच्या समाधीच्या दर्शनाला आजही लांबून माणसे येतात. पण जुन्या काळी नंदगडची आणखी एक ख्याती होती, ती येथील पेठेची. गोव्यातून मीठ, नारळ, खोबरेल आणि सुपारी लादलेले बैल घाट चढून ह्या पेठेत येत आणि घाटावरचे धान्य घेऊन खाली उतरत. आमची मातृभाषा कोंकणी; त्यामुळे तो माल कोणत्या मुलुखातून येत असे हे आम्हांस वेगळे सांगावे लागत नाही. सुपारी आली, नारळ आला. परंतु ज्या बागेत ती पिकतात त्या बागेची रीत मात्र घाट चढून फारशी वर आली नाही. ती रीत कोणती, आणि आपल्या गावच्या ओढ्यांशी तिचा काय संबंध पोहोचतो, हे येथे सांगावयाचे आहे.

आपला खानापूर तालुका म्हणजे पाण्याचे माहेरघर. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे वाहते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात विसावते आणि पुढे कूडलसंगमास कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. त्याच तालुक्यात भीमगडच्या रानात म्हादईचे पाणी गोळा होते. ते पश्चिमेला उतरून, मांडवी हे नाव धारण करून, पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. ह्या म्हादईच्या पाण्यावरून राज्याराज्यांत वाद झाला, २०१० साली लवाद नेमला गेला आणि २०१८ साली त्याने निवाडाही दिला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. मोठ्या नदीची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. पण तिला पाणी पुरविणाऱ्या लहानशा ओढ्याचा वाली, ज्याच्या शेताला तो ओढा लागून आहे तो एकटा शेतकरीच असतो, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

हा शेतकरी बहुधा दोन-अडीच एकरांचा धनी. त्याच्या वडिलांनी ह्या जमिनीत घरापुरते भात पिकविले. मीठमिरची आणि कापडचोपड यांपुरता पैसा आला म्हणजे भागत असे. आता मुलांचे शिक्षण आहे, दवाखाना आहे, विजेचे बिल आहे. केवळ पोटापुरती शेती करून हा खर्च निघत नाही. म्हणून त्याने शेतीचा व्यापार करावा, बाजारात विकले जाईल असे पिकवावे, हे ओघानेच आले. त्यात काही गैर आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. ओढ्याच्या नावाने गळा काढून शेतकऱ्याला गरिबीत राहा म्हणून सांगणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. प्रश्न एवढाच, की व्यापारी शेतीकडे वळताना पहिला घाव कोठे पडतो?

तो पडतो काठावर. दोन सऱ्या अधिक बसतील, चार मोळ्या ऊस अधिक निघेल, ह्या हिशेबाने काठावरचे करंज, उंबर, जांभूळ तोडले जातात आणि नांगर अगदी पाण्याच्या धारेपर्यंत जातो. पहिल्या वर्षी त्या दोन सऱ्या मिळतातही. परंतु काठाची माती धरून ठेवणारी मुळे कुजू लागली, की तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात काठ ढासळू लागतो, आणि मिळालेल्या सऱ्या तर जातातच, पण त्यांच्या मागच्याही जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. एवढ्या मोठ्या पुराला एकटी झाडे अडवू शकतात असे कोणी म्हणू नये. पण उघडा काठ आणि मुळांनी बांधलेला काठ यांतील फरक अशाच वेळी उघड होतो. वाहून गेलेली माती नाहीशी होत नाही. ती खाली धरणाच्या तळाशी जाऊन बसते आणि तेवढीच पाण्याची जागा अडविते.

आमच्या वर्गातील मुलांबरोबर आम्ही ह्या गोष्टीचे गणित मांडून पाहिले. समजा, शेत दोन एकरांचे, म्हणजे ऐंशी गुंठ्यांचे आहे आणि त्याची दोनशे फूट बाजू ओढ्याला लागून आहे. काठापासून पंधरा फूट रुंदीची पट्टी नांगरावाचून सोडली, तर ती होते तीन हजार चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा सोडलेली जमीन पावणेतीन गुंठ्यांच्या आसपास भरते. ऐंशी गुंठ्यांत पावणेतीन! शेकडा साडेतीनसुद्धा नाही. शिवाय ही पट्टी बहुधा उतरती, दगडगोट्यांची आणि पाणी साचून पिके पिवळी पडणारी, अशी असते. एवढ्याशा जागेसाठी आपण ओढ्याशी वैर धरतो हे त्या गणितावरून मुलांच्या ध्यानात आले. मात्र एका विद्यार्थ्याने विचारले, की पट्टी सोडली तर तिच्यातून काय मिळणार? प्रश्न व्यापाऱ्याला शोभेल असा होता, आणि त्याचे उत्तर व्यापाऱ्याला पटेल असेच दिले पाहिजे.

प्रथम, काठ न विकताही काय देतो ते पाहू. दाट झाडोऱ्यातून येणारे पावसाचे पाणी वेग गमावते. त्यातील गाळ पालापाचोळ्यात अडकतो आणि शेतात घातलेल्या खताचा बराच अंश मुळे शोषून घेतात. सावलीमुळे पाणी थंड राहते, आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, म्हणून मासे तगतात. पहिल्या पावसात जे मासे प्रवाहाविरुद्ध चढून येतात, ते अंडी घालण्यासाठी अशीच उथळ, झाडझुडपांची जागा शोधीत असतात. चतुराची पिल्ले पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात; मोठे झालेले चतुर उडते डास टिपतात. बेडूक भातावरचे किडे गिळतात. करंज व जांभूळ यांच्या फुलांवर सातेरी माशी पोसते आणि तीच पुढे काकडी-दोडक्याच्या वेलांवर परागसिंचन करते. भीमगडच्या परिसरातील बारापेडे गुहांत राहणारे वटवाघूळ जगातील अत्यंत दुर्मिळ वटवाघळांपैकी मानले जाते. तेही किडे खाऊनच जगते. २०११ साली भीमगडला अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. पण रान आणि शेत यांच्यामधून ये-जा करणाऱ्या जिवांना सरकारी सीमारेषा कळत नाहीत; त्यांचा रस्ता म्हणजे ओढ्याचा हिरवा काठ.

आता घाटाखालच्या रीतीकडे वळू. गोव्यात फोंडे, सत्तरी, सांगे, काणकोण ह्या भागांत डोंगराच्या पायथ्याशी, वाहत्या व्हाळाच्या कडेने ज्या बागा आहेत त्यांस कुळागर म्हणतात. कुळागर ही एका पिकाची बाग नव्हे. ती मजल्यामजल्यांची असते. सर्वांत वर नारळ व पोफळी, त्यांच्या खाली फणस, जायफळ आणि कोकम, पोफळीच्या खोडावर चढलेली काळी मिरी, तिच्याखाली केळी आणि अगदी जमिनीलगत अननस, हळद, आले, सुरण, अळू. पावसाळा सरला म्हणजे व्हाळावर माती-दगडांचा बांध घालून पाणी पाटाने बागेत फिरवितात. बागेतून झिरपलेले पाणी पुन्हा व्हाळाला मिळते. खोडाभोवती झावळ्या व पाने पसरलेली असतात, त्यामुळे ओल टिकते आणि माती उघडी पडत नाही.

व्यापाराच्या दृष्टीने कुळागराचे मर्म निराळेच आहे. तेथे एका दिवशी एका मालाचा ढीग पडत नाही. नारळ वर्षातून अनेकदा उतरतो, केळी केव्हाही निघतात, मिरी उन्हाळ्याच्या तोंडाशी येते, कोकम एप्रिल-मेमध्ये पिकते. एकाचा भाव पडला तर दुसरे सावरून धरते. आपल्याकडे उलट पाहा. रताळ्यांची काढणी साऱ्या गावात एकाच वेळी होते आणि बाजारात गाड्यांवर गाड्या उभ्या राहिल्या, की भाव कोसळतो. उसाचे तर एकच गिऱ्हाईक. तो वर्षभर शेतात उभा राहतो आणि दीड ते अडीच हजार मिलीमीटर पाणी पितो. कारखान्याने माल घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर उसाच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको.

कुळागराचा गौरव करताना त्याचे दोषही झाकू नयेत. ते रान नव्हे. रान तोडूनच तेथे बाग झाली आहे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी मजले जाऊन नुसती पोफळ उरली आहे. पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोग येतो, त्यावर मोरचूद व चुना यांचे मिश्रण फवारतात, आणि हात सैल सोडून फवारले तर मोरचुदातील तांबे पाण्यात उतरून माशांच्या जिवावर उठते. म्हणून काठाशी लागलेल्या ओळींत फवारणीची पिके लावूच नयेत असे आमचे मत आहे.

ह्या बाबतीत फोंडे महालातील सावई-वेरे गावच्या संजय अनंत पाटील यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. ज्या मांडवीच्या खोऱ्यात आपल्या तालुक्याचे पाणी उतरते, त्याच खोऱ्यातले हे गाव. सुमारे दहा एकरांची उजाड जमीन त्यांनी नैसर्गिक शेतीच्या मार्गाने हिरवी केली. पाण्यासाठी डोंगराच्या पोटात सुरंग खणली, आणि उंचावरून उतरणारे पाणी विजेच्या पंपावाचून झाडांना मिळेल अशी व्यवस्था लावली. खतासाठी देशी गाईच्या शेण-मूत्रापासून जीवामृत तयार केले, त्यामुळे विकतच्या खताचा खर्च वाचला. २०२४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट हेरावी: विक्री वाढण्याच्या आधी त्यांचा खर्च उतरला. दुकानात किती गेले हे न लिहिता केवळ बाजारातून किती आले हेच मोजणे, हा आपल्या शेतीचा जुना रोग आहे.

घाटाखालचे कुळागर जसेच्या तसे नंदगडला आणून चालणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपली हवा तेवढी दमट नाही आणि बहुतेक ओढे उन्हाळ्यापूर्वीच आटतात. घ्यावयाचे ते त्यातील तत्त्व: काठ ही शेताबाहेरची पडीक जागा नसून शेतातलाच एक मजला आहे. ह्या मजल्याचे दोन भाग करावेत. पाण्याच्या बाजूची सात-आठ फूट रुंदी सर्वस्वी ओढ्याची. तेथे करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज ही आपल्याच रानची झाडे असावीत. प्रवाहाच्या अगदी कडेला शेरणीसारखी लवचिक झुडपे असावीत, जी पुरात आडवी होतात पण उपटत नाहीत. ह्या भागातून काही तोडावयाचे नाही. शेताच्या बाजूची उरलेली रुंदी कमाईची.

कमाईसाठी आम्ही माणग्याचे नाव पहिले घेऊ. माणगा हा बिनकाट्यांचा, जवळजवळ भरीव बांबू. सिंधुदुर्गात कुडाळ-सावंतवाडीकडे शेताच्या बांधावर आणि ओहोळाकाठी तो पिढ्यान्‌पिढ्या लावला जातो. टोमॅटोला आणि वेलभाज्यांना आधार लागतो, केळीला टेकू लागतो, बुरडाला टोपल्या विणावयाच्या असतात. बेळगावच्या भाजीपाल्याच्या मुलुखात गिऱ्हाइकाची वाण नाही. पूर्वी कायद्याच्या दृष्टीने बांबू हा वृक्ष गणला जाई आणि तोडणी-वाहतुकीत अडचणी येत. २०१७ च्या अखेरीस वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि रानाबाहेर वाढविलेला बांबू त्या व्याख्येतून वगळण्यात आला. पंधरा-पंधरा फुटांवर लावला तर आपल्या दोनशे फुटांत तेरा बेटे बसतात. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोडणी सुरू होते. तोडावयाची ती तीन वर्षांची काठी, पावसाळा संपल्यावर. कोवळ्या काठ्यांना हात लावावयाचा नाही, कारण नवे कोंब त्यांच्याच जोरावर फुटतात. मात्र जंगलाला लागून असलेल्या गावांत हत्तींची ये-जा असेल तर बांबू आणि केळी म्हणजे त्यांना आमंत्रणच. तेथे हा बेत सोडावा.

दुसरे कोकम, आमचे भिरंड. ओहोळाच्या कडेची अर्धसावली त्याला मानवते. त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बी लावले तर पाच-सहा वर्षांनी फूल येईपर्यंत आपल्या वाट्याला काय आले ते कळत नाही. म्हणून मादी झाडाची कलमे घ्यावीत आणि परागासाठी एखादे नर झाड ठेवावे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात दिली. फळाच्या सालीला त्याच्याच रसाची पुन्हापुन्हा पुटे देऊन उन्हात वाळविली की आमसूल होते, मीठ घालून रस टिकविला की आगळ, आणि बियांतून निघते ते कोकमतेल. कच्चे फळ विकणे आणि आमसूल विकणे यांत पैशाचा मोठा फरक पडतो. फक्त फळ पिकते ते वळवाच्या तोंडावर, आणि पाऊस आला की वाळवण बुरसते. तेव्हा छपराखाली वाळविण्याची सोय आधी करावी, मग झाडांची संख्या वाढवावी. मधाच्या दोन-चार पेट्याही काठावर शोभतील. २०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथेही पेटीच्या आधी फुलणारे रान होते हे विसरू नये.

लावताना दिशा पाहणे अगत्याचे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून शेताच्या दक्षिणेस ओढा असेल तर काठावरच्या उंच झाडांची सावली पिकावर येते. अशा ठिकाणी कमाईच्या भागात बांबू न लावता वेखंड, गवती चहा, हळद अशी बुटकी पिके घ्यावीत. ओढा उत्तरेस असेल तर बांबू खुशाल वाढू द्यावा.

मोडलेला काठ नव्याने उभा करण्यात घाई उपयोगाची नाही. घाणेरी आणि रानमोडी ह्या परदेशी झुडपांनी पुष्कळ काठ व्यापले आहेत. उत्साहाच्या भरात ती सर्व एकाच दिवशी उपटली तर उघडी माती पहिल्याच पावसात वाहून जाते. दहा-पंधरा फुटांचा तुकडा साफ करावा, तेथे लगेच रोपे लावावीत आणि ती धरल्यावर पुढचा तुकडा हाती घ्यावा. हिवाळ्यात रिकाम्या पोत्यांत माती भरून जो वनराई बंधारा घालतात, तो पाणी आणखी काही आठवडे धरून ठेवतो. पण ओढा सर्वांचा असल्यामुळे पंचायतीस विचारून आणि खालच्या शेतकऱ्याचे पाणी न तोडता तो घालावा. पावसाळ्यापूर्वी पोती काढावयाची असतात. बंधारा घालण्यास गाव जमते, पोती काढण्यास कोणी येत नाही, आणि मग त्या प्लॅस्टिकच्या चिंध्या आषाढात झाडांना लोंबताना दिसतात!

राखलेला काठ कसा दिसतो हे पाहावयाचे असेल तर आपल्यापासून फार दूर जावे लागत नाही. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे भालांडेश्वराच्या देवराईत रानजायफळांची दलदल आहे. वाहत्या गोड्या पाण्यात उभ्या असलेल्या ह्या वृक्षांची मुळे गुडघ्यासारखी वाकून श्वासासाठी वर येतात. देवाच्या भयाने तेथे कुऱ्हाड पडली नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ह्या ठिकाणाला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. जागा अवघी अडीच हेक्टरांच्या आसपास आहे.

परंतु केवळ देवाच्या भयाने नव्हे, तर धंद्याच्या हिशेबानेही माणूस ओढ्याकाठी झाडे लावतो, याचे एक नामांकित उदाहरण जपानात आहे. केसेन्नुमा येथील शिगेआत्सु हाताकेयामा यांचा धंदा समुद्रात कालवे वाढविण्याचा होता. पाणी बिघडून कालवे लाल पडू लागली, कोणी घेईनात. दोष समुद्रात नसून समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या उघड्या डोंगरांत आहे हे त्यांनी ओळखले, आणि १९८९ पासून हे कोळी लोक होड्या सोडून डोंगरावर झाडे लावावयास जाऊ लागले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांचा सन्मान केला. खाली मांडवीच्या मुखाशीही कालवे आणि मासे यांवर जगणारी माणसे आहेत, आणि त्यांच्या नदीचा डोंगर आपल्या तालुक्यात आहे.

राहता राहिला पहिल्या वर्षांचा प्रश्न. काठपट्टी पहिली तीन वर्षे पैसा देत नाही, आणि लहान शेतकऱ्याला तीन वर्षे थांबणे परवडत नाही. म्हणून सारा काठ एकदम न घेता पहिल्या पावसाळ्यात पन्नास फूटच घ्यावे, आणि रोपांच्या मधल्या जागेत हळद, सुरण, अळू लावावे. ती त्याच वर्षी किंवा फार तर पुढच्या वर्षी विकली जातात. मुलांना ह्यात एक काम सहज करता येईल. एक वही घालावी. डाव्या पानावर काठपट्टीचा खर्च, उजव्या पानावर तिची विक्री. आणि खाली एक ओळ राखून ठेवावी, तीत ओढ्याचे पाणी कोणत्या तारखेला वाहावयाचे थांबले ते दरवर्षी लिहावे.